आत्याचं तोंड

अयोध्या बीडला दातांचं शिकायला जाणार, ही बातमी वाडीत पसरली तेव्हा माणसांनी आधी पोटभर हसून घेतलं. हसणारच की! शिरूर कासारच्या पलीकडची ती वाडी दसरा झाला की रिकामी व्हायची. भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं ट्रकात घालून सगळी ऊसतोडीला. मागं राहायची ती म्हातारी माणसं आणि कुत्री. अशा वाडीतली आसारामची पोरगी बारावी सायन्स पास झाली हेच अजून कुणाला पचलं नव्हतं, त्यात हे दातांचं खूळ.

"दात काढायचं शिकतीया म्हनं," दूध सोसायटीचे चेअरमन आप्पा ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले. "तिला कावून शिकावं लागतंय? पाळण्यात हुती तवापासून दात काढतीया ती!"

यात खोटं काही नव्हतं. अयोध्येला हसू आवरत नसे. कीर्तनात बुवांचा फेटा सुटला की ही फिस्सकन हसणार आणि मग तिच्या आईचा, छबुबाईचा, धपाटा पाठीत बसणार, हे ठरलेलं.

"आप्पा, मी दात काढणार न्हाई, साफ करणार," ती म्हणाली. "डेंटल हायजिनिस्ट म्हंत्यात त्याला."

"काय म्हंत्यात?"

"हायजिनिस्ट."

"हाय जिनीस!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "आरं आसाराम, तुझी पोरगी म्हंजे एक जिनीस हाय, हे आमाला आधीच ठावं हुतं बे! त्यासाठी कालेजात कशाला घालतो तिला?"

झालं. त्या दिवसापासून वाडीत तिला कुणी अयोध्या म्हणेना. पण एक सांगायला पाहिजे. हसले आप्पा, आणि कामाला आलेही आप्पाच. बीडचं ते दातांचं कॉलेज एका सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेनं काढलेलं. ऊसतोड्यांच्या लेकरांना तिथं फी माफ, असं दर सभेत भाषणात यायचं, पण मागायला जाणार कोण? आप्पांनी सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोत अयोध्येला पुढं बसवलं, बीड गाठलं आणि संचालकांच्या टेबलासमोर ठिय्या मारला. "भाषनात बोललात ना? मग द्या," एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी दिली बिचाऱ्यांनी फीमाफी.

खरी अडचण बीडला नव्हतीच. ती नांदूरघाटला होती, आणि तिचं नाव बायनाबाई.

बायनाबाई म्हणजे आसारामची थोरली बहीण, अयोध्येची आत्या. बारशाला हिनंच पाळण्यात वाकून नाव कानात सांगितलं आणि ताठ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझ्या सुग्रीवाची." सुग्रीव तिचा एकुलता एक. भावाची पोरगी बहिणीच्या घरात पडणार, म्हणून तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. पण त्यात नुसती माया नव्हती, व्यवहारही होता. ऊसतोडीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. बायनाबाईचा नवरा वारला आणि तिनं त्याची हाय खाल्ली, म्हणाली आता माझ्यानं होत न्हाई. तेव्हापासून सुग्रीव एकटा, म्हणजे अर्धा कोयता, कधी या टोळीत तर कधी त्या टोळीत लोंबकळत होता. सून आली की कोयता पुरा होणार होता.

आणि आत्याचं तोंड! तिच्या तोंडाला लागायची नांदूरघाटात कुणाची टाप नव्हती. आसाराम तर तिच्यापुढं मांजर.

"दात साफ करायला शिकतीया?" ती तरातरा वाडीवर येऊन म्हणाली. "मग माझ्या घरात कोन येनार? दात?"

आसारामनं डोकं खाजवलं, बायकोकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा बहिणीपुढं एक अख्खं वाक्य बोलला. "आक्का, दोन वर्सं शिकू दे तिला. पास झाली तर तिचं ती बघंल. नापास झाली तर त्याच साली लगीन लावू आन दोघांला एका ट्रकात बशिवू."

"कबूल!" आत्या लगेच म्हणाली. ही पोरगी पास होईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

कॉलेजात पहिले दिवस प्लास्टरच्या दातांवरच गेले. अयोध्येला वाटलेलं, दात घासायचं ते काय शिकायचं? मग हातात आकड्यासारखी बारीक हत्यारं आली आणि कळलं, की दातावर साठून दगड झालेलं कीटण काढणं म्हणजे खेळ नाही. हात जरा घसरला की हिरडी फाटली. शिकवायला सय्यद मॅडम होत्या. बीडच्याच, आवाज मऊ, पण नजर अशी की चूक झाल्यावर बोलावंच लागू नये. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तोंडात हात घालणं म्हणजे त्याच्या घरात शिरणं. आधी दारात उभं राहून विचारायचं. नको म्हणाला तर मागं फिरायचं."

पहिल्यांदा खऱ्या माणसाच्या दातावरून कीटणाचा तुकडा टक्कन निघाला तेव्हा अयोध्येला इतका आनंद झाला, की ती मास्कच्या आत मोठ्यानं हसली. पेशंट दचकला. मॅडमनी बाहेर काढलं. पण त्याच दिवशी तिला पक्कं कळलं, की आपल्याला हेच करायचंय, दुसरं काही नाही. आत्याच्या घराची भीती होतीच. पण आता भीतीपेक्षा हे काम सुटेल याची काळजी जास्त वाटायला लागली.

दुसऱ्या वर्षी कॉलेजनं चारा छावणीवर शिबिर घेतलं. पाऊस दगा देऊन गेला होता, आणि माणसं गुराढोरांसकट छावणीतच राहायला आली होती. छावणी चालवत होती आप्पांची सोसायटी, त्यामुळं भोंग्यावर कोण? आप्पा! "दात काढायचं शिबिर! फुकट! फायदा घ्या!" असा त्यांनी सकाळपासून जो पुकारा लावला, की जिल्ह्यातले सगळे हलत्या दाताचे म्हातारे गाल धरून रांगेत उभे. दात साफ करून घ्यायला एकही माणूस नाही. अयोध्या त्यांना समजावून समजावून थकली. शेवटी एक आजोबा चिडून म्हणाले, "काढायचं न्हाई तर बलावलं कावून?"

बाया मात्र रांगेत आल्या नाहीत. तोंडाला पदर लावून लांब उभ्या राहिल्या. तिकडं बहुतेक बायांना मिसरीची सवय. तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी पूड बोटानं दातावर घासत बसायचं, दिवसातून कितीदा तरी. दात काळेमिट्ट. परक्या पुरुषासमोर तोंड उघडायचं म्हणजे त्यांना अंगावरचं लुगडं सोडल्यागत. अयोध्येनं कडब्याच्या गंजीमागं खुर्ची नेली, पुरुषांना हाकललं, तेव्हा कुठं एकेक जण आली.

उन्हाळ्यात लेखी परीक्षा झाली. तिचे पेपर चांगले गेले. आता राहिली प्रात्यक्षिक परीक्षा, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. दातांच्या खुर्चीला पाणी लागतं. मशीन पाणी मारत मारत कीटण उडवतं, पेशंटला चुळा भराव्या लागतात. आणि बीडला तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, तर चुळा कुठल्या भरताय! परीक्षा पुढं ढकलली. पुढं म्हणजे किती? पार दसऱ्याच्या पलीकडं.

परीक्षेचा नियम असा, की ज्यानं त्यानं आपला पेशंट आणायचा. दातांवर भरपूर कीटण, भरपूर डाग असलेला. त्याचं सगळं तोंड साफ करायचं आणि बाहेरगावचे परीक्षक तपासणार. अयोध्येनं शेजारच्या मंजुळाबाईला उन्हाळ्यातच पटवून ठेवलेलं. पण दसरा झाला आणि मंजुळाबाई ट्रकात बसून गेली. मंजुळाबाईच काय, सगळी वाडी गेली. आई-बापसुद्धा गेले. मिसरीनं काळे झालेले जिल्ह्यातले दात उसाच्या फडात जाऊन बसले आणि अयोध्या इकडं पेशंट हुडकत फिरत राहिली. म्हाताऱ्या होत्या, पण त्यांच्या तोंडात दातच नव्हते.

राहता राहिलं एकच तोंड. अयोध्येनं दोन दिवस दुसरं कुणी सापडतंय का बघितलं, मग नाइलाजानं नांदूरघाटची एसटी धरली.

आत्या दारातच बसली होती, मिसरी लावत. अयोध्येनं सगळं सरळ सांगून टाकलं. आत्यानं ऐकून घेतलं, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "म्हंजे माझ्याच हातानं माझी सून घालवू व्हय मी? तुझी अक्कल कुटं गेली गं?"

"तू आली न्हाईस तर मी नापासच हाय, आत्या. तुला तेच पायजेल असंल तर बस घरी."

"बसते की! घर माझंच हाय."

सुग्रीव आतून म्हणाला, "आये, जा की. मला तरी कुटं तिच्याबर लगीन करायचंय? लई हसती ती." त्याला आत्यानं असं काही झापलं, की तो मागच्या दारानं निघून गेला.

अयोध्येनं परतीची एसटी धरली ती रडतच. पण परीक्षेच्या दिवशी सकाळी बीडच्या स्टँडवर बघते तर काय, पिशवी काखेला मारून आत्या उभी!

"असं तोंड वासून बगू नको," आत्या म्हणाली. "माझ्यामुळं नापास झालीस असं कुनी म्हनाय नको. तुझी तू नापास हो. आन ध्यानात ठिव, बाप्याफुडं मी तोंड उघडनार न्हाई."

पडद्याआड फक्त सय्यद मॅडम होत्या, म्हणून आत्यानं तोंड उघडलं. अयोध्येनं आत आरसा फिरवला. जन्मभराची मिसरी, खाली पिवळा दगड. तिनं कामाला सुरुवात केली. वरची दाढ, मग खालची, मग मागची बाजू. निम्मं तोंड झालं असेल नसेल, तोच मशीनचं पाणी संपलं. त्याही पावसाळ्यात धड पाऊस झाला नव्हता, आणि टँकर आलाच नव्हता. आजूबाजूच्या पोरी रडवेल्या झाल्या. अयोध्येनं हातानं काढायची हत्यारं घेतली आणि मान खाली घालून बसली. घामानं डोळे चुरचुरले, बोटं आखडली, पण थांबली नाही. आत्याही हलली नाही. नेहमी दुसऱ्याला बोलू न देणारी बाई तोंड उघडं ठेवून गप बसलीय, हेच मोठं नवल होतं.

सगळं झाल्यावर अयोध्येनं तिच्या हातात आरसा दिला. आत्या बघतच राहिली. ओठ वर करून बघितलं, खाली करून बघितलं. आणि आरसा परत देऊन तिनं तोंडावर पदर ओढला.

"तपासणारे साहेब जेवण झाल्यावर बघणारेत," अयोध्या म्हणाली. "तोवर काही खायचं न्हाई बरं का. चासुद्धा न्हाई."

आता यात चूक कुठं झाली ते त्या मुलखातला माणूस बरोबर ओळखेल. मिसरी काय कुणी खातं का? मिसरी लावतात!

जेवणानंतर पुण्याहून आलेले परीक्षक खुर्चीपाशी आले, आणि अयोध्येची नजर आत्याच्या हाताकडं गेली. तर्जनी काळी. पदराच्या काठावरही काळा डाग होता. बाईनं कॉलेजच्या आवारात लिंबाखाली बसून निवांत मिसरी लावली होती.

"तोंड उघडा, मावशी," परीक्षक म्हणाले.

आत्यानं पदर आणखी घट्ट धरला आणि मान भिंतीकडं वळवली.

"पेशंट तोंड उघडत नाही, मी तपासू काय?" ते मॅडमकडं वळून म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण पेन टोपणात घातलं होतं त्यांनी. परीक्षेत मॅडमना बोलता येत नव्हतं.

अयोध्येला असा संताप आला, की आत्याचा पदर ओढून फाडावा. केलंस ना शेवटी मनासारखं! घे तुझी सून, घे तुझा कोयता! हे सगळं ओठापर्यंत आलं. तिनं ते गिळलं. तोंड आत्याचं होतं, आणि आत्या नको म्हणत होती.

"सर, हिनं मिसरी लावलीय," ती म्हणाली. "खाऊ नको म्हणाले मी, पण मिसरीचं सांगायचं राहिलं. चूक माझी आहे." मग ती आत्याजवळ वाकली. "आत्या, तोंड तुझं हाय. तुझी मर्जी असंल तर उघड. न्हाई म्हनलीस तर मी जबरदस्ती करणार न्हाई. तू सकाळधरनं बसलीस माझ्यासाठी, लई झालं."

एवढं बोलून ती बाजूला सरकली.

आत्यानं पदर सोडला. नुसता सोडला नाही, झटकला! वळली आणि साहेबांकडं रोखून बघत म्हणाली, "चूक हिची कशी? ओ सायेब, हिनं सकाळधरनं घाम गाळलाय. मशीन बंद पडली तर हातानं खरवडलंय समदं. पुसून बगा! वरलं काळं माझं हाय, खालचं काम हिचं हाय!" आणि तिनं एवढं मोठं तोंड उघडलं, की परीक्षक एक पाऊल मागं सरकले.

अयोध्येनं ओला कापूस घेतला. काळा निघाला. दुसरा घेतला. मग तिसरा तेवढा काळा आला नाही, आणि खालून दात वर आले, स्वच्छ, एकाशेजारी एक. परीक्षकांनी बारीक सळई घेऊन एकेका दाताच्या कडेनं फिरवली. कुठं अडकतेय का बघत होते. अडकली नाही. पार मागच्या दाढेच्या मागंसुद्धा गेले, तिथंही नाही.

"हिरडीला कुठं इजा नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग अयोध्येकडं बघून, "या पेशंटला आता काय सांगाल?"

"आत्या, मिसरी बंद," अयोध्या म्हणाली.

"आँ!" तोंडात आरसा असल्यामुळं आत्याला तेवढंच बोलता आलं, पण ते एवढ्या रागात आलं, की परीक्षकांना हसू फुटलं. अयोध्येलाही फुटलं. या वेळी मॅडमनी तिला बाहेर काढलं नाही. संध्याकाळी निघताना त्यांनी फक्त पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पहिली आलीस. अजून कुणाला सांगू नकोस." अयोध्येनं आत्याला तिथल्या तिथं मिठी मारली.

नांदूरघाटच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. बरंच अंतर गेल्यावर अयोध्येनं विचारलं, "आत्या, खरं सांग. मिसरी सवयीनं लावलीस का मुद्दाम?"

"मुद्दाम," आत्या म्हणाली. जराही लाजली नाही. "आरशात बगितलं आन भ्याले. म्हनलं, एवढं चांगलं काम येतंय हिला. गेली पोरगी हातची."

"मग तोंड कशाला उघडलंस?"

"चूक तू तुझ्यावर घ्याय लागलीस. म्हनलं, माझ्या पापाचं धनी माझ्या भावाच्या लेकरानं कावून व्हावं?" मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "आता गप बस. रडू येतंय मला."

त्याच आठवड्यात नांदूरघाटची उरलीसुरली टोळी निघाली. ट्रकापाशी मुकादम धर्मराज अर्धा कोयता घ्यायला कां कूं करत होता, तेव्हा आत्या पुढं झाली आणि फळीवर चढून बसली. "मोज, धर्मराज. सुग्रीव आन त्याची माय, एक कोयता. आन माझ्या मोळीत खोट काढून दाखव, मग बोल!" अयोध्या पोचवायला आली होती. आपल्यापायी आत्या फडावर चाललेली बघून तिला नको नको झालं. पण आत्यानं तिला बोलू दिलं तर ना! "मी एक हंगाम काढीन. तू तुझ्या कामाला लाग," म्हणाली. आसारामला तिनं फडावरूनच निरोप धाडला, की लगीन मोडलं, आणि मोडलं ते मी मोडलं, पोरीला कुणी काही बोलायचं नाही.

हंगाम एकच काढला तिनं. पुढच्या वर्षी आप्पांनी सुग्रीवाला सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर ठेवला.

पण आत्याचा तो हंगाम संपून टोळ्या परतल्या त्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगायलाच हवी. अयोध्येला बीडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. एक दिवस सकाळी दार उघडते तर बाहेर बायाच बाया. काखेत लेकरं, अंगाला अजून फडाची धूळ. ट्रक परस्पर इकडंच आणला होता. आणि सगळ्यांच्या पुढं आत्या, डोक्यावरचा पदर मागं घसरलेला, दात स्वच्छ, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"लाजायचं न्हाई! रांगंत उभ्या ऱ्हावा! आन मिसरीची पुडी असंल तर हितंच टाकून जायची, मी टाकली न्हाई का?"

एक नवी नवरी अंग चोरून भिंतीला टेकली होती. तिनं हळूच विचारलं, "ही डाक्टरीन तुमची कोन लागती, बायनाबाई?"

"भाची. सून होनार हुती माझी," आत्या म्हणाली. "बरं झालं, झाली न्हाई. सुनंफुडं एवढं तोंड उघडलं असतं व्हय मी?"

सगळ्या हसल्या, पदर तोंडाला लावायचं विसरून. अयोध्येनं डोळे पुसले, मास्क वर ओढला आणि त्या नव्या नवरीला आत बोलावलं.